समास सोडून लिहावे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझी भाची पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी राहिली. एम.ए.चा लघुप्रबंध, विषय पेडणे महालातील दशावतार, आणि मुदत चार दिवसांवर आलेली! "मामा, लिहून सगळे झाले आहे. तू फक्त सेटिंग करून दे," ती म्हणाली.

सरकारी कारकून असण्याचे हे असे असते. कोणाचा अर्ज असो, कोणाचे प्रतिज्ञापत्र असो की लग्नाच्या आमंत्रणांची यादी, घरातला प्रत्येक कागद शेवटी आपल्याच टेबलावर येतो. चहा झाला आणि मी कामाला बसलो. डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. दोन ओळींत दुप्पट अंतर. प्रकरण नव्या पानावर. तळटिपांचे आकडे ओळीने. दोन तासांत कागदाला रूप आले. मग संदर्भसूचीकडे वळलो.

सूची सव्वीस नोंदींची होती आणि दिसायला अगदी देखणी. आडनाव आधी, मग नाव, ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत, प्रकाशक, गाव, वर्ष. एकही स्वल्पविराम चुकलेला नाही. त्यातल्या एका पुस्तकाच्या नावाशी मी थबकलो. दशावतारावरचे, आणि माझ्या कधी कानावरही न आलेले!

"हे पुस्तक कुठे वाचलेस गो बाय?"

"वाचले नाही मामा. कॉम्प्युटरला विचारले, त्याने दिले."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळल्या. ते पुस्तक नव्हतेच. कुठल्याच ग्रंथालयात नव्हते, कुठल्याच प्रकाशकाकडे नव्हते. सव्वीसांपैकी पाच नोंदी अशा निघाल्या. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून जगभरच्या मास्तरांना ह्या नव्या दुखण्याने गाठले आहे. यंत्राला संदर्भ मागितला की ते संदर्भासारखे दिसणारे काहीतरी जुळवून देते.

भाची आधी ओशाळली, मग चिडली. "मग ह्या फॉरमॅटचा उपयोग तरी काय? स्वल्पविराम चुकला तर बाई गुण कापतात, आणि नसलेले पुस्तक ऐटीत चालून जाते!"

प्रश्न रागाचा होता, पण खरा होता. त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. नंतरचे काही दिवस मनात तोच विषय घोळत राहिला, आणि उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो ती जागा आमच्या घरापासून फार दूर नाही. जुने गोवे!

जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या देवळाकडे जाणारे पर्यटक सेंट पॉल कॉलेजच्या कमानीकडे सहसा बघत नाहीत. एका मोठ्या विद्यापीठाएवढ्या पसाऱ्यातले आता एवढेच उभे आहे. १५५६ साली ६ सप्टेंबरला एक जहाज गोव्याला लागले. त्यात एक छापखाना होता. तो आपल्यासाठी नव्हताच. तो निघाला होता अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. पण तिथल्या राजाचा रागरंग ठीक दिसेना म्हणून मंडळी गोव्यातच अडकली, आणि त्यांच्याबरोबर यंत्रही. ते सेंट पॉल कॉलेजात बसवले गेले आणि हुआन द बुस्तामांते नावाच्या मुद्रकाने त्यावर काम सुरू केले. हिंदुस्थानातले मुद्रण ह्या घटनेपासून सुरू होते.

त्या यंत्रावर सर्वांत आधी काय छापले गेले? आपण सहज म्हणू की ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी. ती छापली गेली, पण पुढच्या वर्षी, १५५७ साली. पहिला मान मिळाला तो 'कोंक्लुसोयंस' नावाच्या गोष्टीला. कोंक्लुसोयंस म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायची विधाने. आजच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थ्यांचा प्रबंध! हिंदुस्थानात छापखान्यातून निघालेला पहिला कागद हा विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा कागद होता आणि तो आमच्या गोव्यात निघाला. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. आपल्याला त्याची माहिती आहे ती त्या काळच्या पाद्र्यांच्या पत्रांमुळे. ही सगळी कथा अनंत काकबा प्रियोळकरांनी आपल्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' ह्या १९५८ सालच्या ग्रंथात कागदोपत्री पुराव्यांनिशी मांडली आहे. प्रियोळकर आपल्याच प्रियोळचे, हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत परीक्षा म्हणजे वाद असे. विद्यार्थ्याने आपली विधाने थोडक्या शब्दांत लिहायची, ती आधी जाहीर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष त्यांचे रक्षण करायचे. कोणीही उठून हरकत घ्यावी. म्हणूनच अशी विधाने आखूड असत, सुटी सुटी असत आणि त्यांना सहसा क्रमांक दिलेले असत. हरकत घेणाऱ्याला बोट ठेवून म्हणता आले पाहिजे, की हे तुझे तिसरे विधान मला मान्य नाही. तेव्हा मांडणीची शिस्त होती ती लिहिणाऱ्याच्या हौसेसाठी नव्हे. ती होती समोर बसलेल्या प्रतिपक्षाच्या सोयीसाठी. हे लक्षात आले आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

आपल्याकडच्या पोथ्या पाहिल्या तर त्यातही अशीच शिस्त दिसते. 'समास सोडून लिहावे' असे आपण म्हणतो. हा समास पोथीच्या पानाच्या दोन्ही बाजूंना असे आणि तो रिकामा ठेवण्यापुरताच नव्हता. लिहिताना एखादे अक्षर सुटले तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करीत. तिला काकपद म्हणतात. सुटलेले अक्षर मग समासात लिहीत. चुकीचे अक्षर पडले तर त्यावर हरताळ फाशीत. हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे खनिज. त्याची पूड कालवून चुकीच्या अक्षरावर लावली की अक्षर झाकले जाई आणि त्यावर पुन्हा लिहिता येई. आज आपण कोणाच्या आशेवर हरताळ फासला असे म्हणतो तेव्हा आपल्याला पोथी आठवत नाही, पण तो शब्दप्रयोग लेखकूंच्या बैठकीवरूनच उठून आला आहे.

पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव, गाव, शक, तिथी लिही आणि बहुधा एक ठरीव श्लोक जोडी. समोरची प्रत जशी दिसली तशी मी उतरवली, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नका, असा त्याचा आशय. कोणी त्याला हात झटकणे म्हणेल. मला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसतो. माझ्यापुढे दुसरी एक प्रत होती, मी स्वतः काही रचलेले नाही, हे तो सांगतो आहे. आजची तळटीप ह्याहून वेगळे काय सांगते?

पुन्हा गोव्याकडे येऊ. १५६३ साली इथेच गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचे औषधी वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक छापले गेले. ग्रीक आणि अरब वैद्यांनी लिहून ठेवलेले काय आणि आपण गोव्यात राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काय, हा फरक तो वाचकाला सतत दाखवत राहतो. छपाई मात्र अशी की विचारू नका! शेवटी जोडलेले शुद्धिपत्र कित्येक पानांचे आहे. पण त्या शुद्धिपत्राबद्दल मला आदर वाटतो. चुका झाल्या आणि त्या कुठल्या पानावर झाल्या, हे सांगून ठेवले आहे. पुढे युरोपात त्या पुस्तकाचा बोलबाला झाला तो त्याच्या देखणेपणामुळे नव्हे, तर ओर्ताने काय पाहिले होते त्यामुळे.

तळटिपेची गंमत तर आणखी वेगळी. १७७६ साली एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला तेव्हा टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तेव्हा आजारी होता, त्याच वर्षी तो वारला. त्याने खंड वाचला, त्याला तो आवडलाही, पण प्रकाशकाला पत्र लिहून त्याने तक्रार केली. टिपेचा आकडा दिसला की पाने उलटीत शेवटी जायचे आणि तिथे नुसते एका ग्रंथाचे नाव सापडायचे! असले आधार समासात किंवा पानाच्या तळाशीच छापा. पुढच्या आवृत्त्यांत टिपा तळाशी आल्या. एका वाचकाच्या बोटांना झालेला त्रास त्यामागे होता.

लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात देण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत १८८१ साली हार्वर्डच्या एडवर्ड मार्क ह्या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या निबंधात वापरली. तो निबंध होता शंख नसलेल्या गोगलगायीच्या अंड्यांवर! १९०६ साली शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने आपली नियमावली पुस्तकरूपाने काढली. तिचे मूळ म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांनी आणि मुद्रितशोधकांनी आपापसांत ठरवलेले नियम. १९२९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकाने अवघ्या सात पानांत लेखकांसाठी सूचना छापल्या, आणि त्या सात पानांचीच आज एपीए नावाची जाडजूड नियमावली झाली आहे. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए नियमावली सुरू झाली १९५१ साली.

ह्या सगळ्या नावांत माझ्या जीवाभावाचे नाव मात्र एकच. केट तुराबियन.

ही बाई प्राध्यापक नव्हती. १८९३ साली शिकागोत तिचा जन्म झाला. शाळा संपल्यावर कॉलेजात गेली नाही. नोकऱ्या करीत करीत १९२५ साली शिकागो विद्यापीठात एका विभागाची सचिव म्हणून लागली आणि १९३० साली तिच्याकडे प्रबंधांचे काम आले. विद्यापीठातला प्रत्येक डॉक्टरेटचा प्रबंध तिच्या टेबलावरून जाई. तिची संमती मिळाल्याशिवाय तो स्वीकारला जात नसे. १९५८ साली निवृत्त होईपर्यंत तिने हेच काम केले. विद्यार्थी तेच तेच प्रश्न विचारतात आणि त्याच त्याच चुका करतात, हे पाहून १९३७ साली तिने त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. समास किती, तळटीप कशी, तक्ता कुठे, उतारा किती आत सरकवायचा. पुढे विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती पुस्तकरूपाने काढली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. १९८७ साली ती वारली, तरी पुस्तक तिच्याच नावाने चालू आहे. स्वतः पदवी नसलेल्या एका टेबलावरच्या बाईने हजारो डॉक्टरांना लिहायची शिस्त लावली! आम्हा कारकुनांना ह्याहून मोठा दिलासा कोणता?

तिच्या नियमांतले पुष्कळसे टाइपरायटरमुळे आलेले आहेत. दोन ओळींत दुप्पट अंतर का? तर मधल्या जागेत पेनाने दुरुस्ती करता यावी म्हणून. डावीकडे जास्त समास का? तर बांधणीत तेवढा भाग आत जातो म्हणून. टाइपरायटर गेले. आपल्या देशात गोदरेजने १९५५ पासून बनवलेली यंत्रेही आता भंगारवाल्याकडेच दिसतात. नियम मात्र राहिले, आणि कारण विसरले की नियम जाच वाटू लागतो.

आपल्या मराठी मुलखातली संशोधनाची शिस्तही अशीच कष्टाने उभी राहिली. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यामागचा आग्रह हाच, की आधी कागद दाखवा, मग मत सांगा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे एखादे पान उघडून पाहा. वर ठरवलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरांत वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. आणि संपादकांना जिथे स्वतःची खात्री नाही, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. एवढे मोठे पंडित, पण 'इथे आम्ही साशंक आहोत' हे रेघ ओढून सांगत होते. माझ्या मते मांडणीच्या सगळ्या नियमांत ही नागमोडी रेघ सर्वांत सुंदर.

आणि पणजीचे आपले पुराभिलेखागार! १५९५ साली दियोगु दु कोतु ह्या इतिहासकाराच्या हाती सोपवून त्याची सुरुवात झाली. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे तीस वर्षे काढली आणि १९५५ साली तिथल्या दप्तरांची वाट दाखवणारा ग्रंथ काढला. कुठल्या मालिकेत काय आहे हे त्यामुळे जगाला कळले. आज पोर्तुगीज काळावर लिहिणाऱ्याच्या तळटिपेत एक नाव आणि एक आकडा असतो, तो अशा कोणीतरी आयुष्य घालवून लावलेल्या क्रमामुळे.

माझ्या कचेरीतली फाइल तरी दुसरे काय असते? एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. प्रत्येक पानाला क्रमांक. टिपणीत 'अर्जदाराने पूर्वीच कळवले आहे' असे नुसते लिहून चालत नाही. समासात लिहावे लागते, पान अमुक पाहावे. मी नोकरीला लागलो तेव्हा ह्याचा मला कंटाळा यायचा. मग एकदा एका म्हाताऱ्या बाईच्या पेन्शनचे प्रकरण आमच्याकडे आले. बारा वर्षांपूर्वीच्या एका पत्रावर सगळे अवलंबून होते. त्या वेळच्या कोणा कारकुनाने समासात पानाचा आकडा लिहून ठेवला होता म्हणून ते पत्र दहा मिनिटांत सापडले. तो कारकून कोण, मला ठाऊक नाही. मात्र त्या दिवसापासून मी कधी आकडा घालायला विसरलो नाही.

कॉलेजातली माझी एक फजितीही सांगून टाकतो. निबंधात मी मोठ्या थाटात लिहिले होते, 'कित्येक इतिहासकारांच्या मते'. सरांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि समासात तीन शब्द लिहिले. किती? कोण? कुठे? मी त्यातले एकही नाव सांगू शकलो नाही. वाक्य मी दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलले होते. त्या वेळी कॉपी पकडायला मास्तरांचे वाचन एवढेच हत्यार होते. आता २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार साम्य मोजले जाते, दहा टक्क्यांच्या पुढे गेले की शिक्षेची पायरी सुरू होते. पण साम्य मोजणारे यंत्र एवढेच सांगते की हे दुसरीकडे कुठे छापलेले आहे. जे कुठेच नाही, त्याच्याशी साम्य कसे सापडणार? भाचीच्या त्या पाच नोंदी त्या चाळणीतून अलगद खाली पडल्या असत्या.

म्हणून तिच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. फॉरमॅट खरे-खोटे ठरवत नाही, ते वाट दाखवते. लेखक, ग्रंथ, वर्ष, पान हा पत्ता आहे. पत्ता कितीही सुवाच्य असला तरी तिथे घर आहे की नाही, हे कोणाला तरी चालत जाऊन पाहावे लागते. लिहिणाऱ्याने आधी स्वतः जायचे आणि मगच वाचकाला पत्ता द्यायचा. वाचक जाईल न जाईल, त्याला जाता आले पाहिजे. सेंट पॉलच्या त्या विद्यार्थ्यांना निदान हरकत घेणारा समोर दिसत होता. आजच्या विद्यार्थ्याला तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे वाटू लागते.

भाचीने त्या पाचही नोंदी काढल्या. त्याबरोबर एका प्रकरणाची अडीच पाने कोसळली, कारण ती त्याच आधारावर उभी होती. आता तिथे काय घालायचे? तेव्हा मी तिची वही मागितली. त्यात पेडण्यातल्या एका वृद्ध दशावतारी कलावंताशी तिने केलेले बोलणे होते. संकासुराचे सोंग कसे घ्यायचे, जत्रेत रात्री नाटक उभे राहण्याआधी पेटाऱ्याची पूजा कशी व्हायची, सगळे त्यांच्या शब्दांत. मोबाइलवर आवाजही टिपलेला. हे तिने प्रबंधात घातलेच नव्हते!

"अगो, हे का सोडलेस?"

"मामा, त्यांचे कुठे पुस्तक आहे? संदर्भ म्हणून काय लिहू?"

मी म्हटले, त्यांचे नाव लिही, गाव लिही, तारीख लिही, आणि प्रत्यक्ष मुलाखत म्हणून लिही. नियमावलीत त्यासाठीही जागा आहे. आधी त्यांची परवानगी मात्र घे.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून म्हातारबाबांचा आवाज मला ऐकू येत होता. आपले नाव पुस्तकात छापून येणार हे त्यांना पहिल्यांदा खरेच वाटेना. मग म्हणाले, छाप, पण मी बोललो तेवढेच छाप.

प्रबंध मुदतीच्या दिवशी दुपारी गेला. संदर्भसूचीत आता बावीस नोंदी आहेत. शेवटची त्यांची आहे.